पत्रं टोमॅटोला यायची

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी वजनकाट्यावरचा खरा आकडासुद्धा सांगतो, त्यावरून काय ते समजा. सांगण्यासारखी वेळ बारा वर्षांत निदान तीनदा आली. तिन्ही वेळा मी विषय बदलला. एकदा तर हवेवर बोललो. आता आमच्या इथे हवेवर बोलण्यासारखं काय असतं? ऊन असतं. उद्याही असतं.

ज्याला सांगायला हवं होतं तो माणूस गेल्या महिन्यात गेला. तिकडे टेक्ससमध्ये, स्वतःच्या घरी, झोपेत. आणि मी इथे शारजात, अल नहदातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसलो आहे. दिवसाला चार-पाच ओळी होतात. बायकोला वाटतंय मी इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख लिहितोय. मी तिला तसं वाटू दिलं आहे — म्हणजे बघा, सवय जात नाही.

काय केलं मी? खून नाही, अफरातफर नाही. खरं तर मी काहीच केलं नाही. तीच तर तक्रार आहे.

पण आधी राउलबद्दल सांगतो. (हाही विषय बदलण्याचाच प्रकार आहे, थोडा चालवून घ्या.)

राउल अमेरिकेत जन्मलेला, आईवडील मेक्सिकोतून आलेले. पेशा — लहान मुलांच्या टीव्हीवर नट. मुलांना भाज्या खायला लावण्यासाठी तिकडे एक कार्यक्रम होता, त्यात त्याला पहिल्यांदा मक्याच्या कणसाचं काम मिळालं. ‘मेक्सिकन आहेस ना, मग मका,’ असं त्याला दिग्दर्शकानं सांगितलं होतं म्हणे. दोन वर्षांनी आधीचा टोमॅटो लग्न करून दुसऱ्या गावी गेला आणि राउलला बढती मिळाली. मग तो पंधरा वर्षं टोमॅटो होता. त्या लाल गोळ्यात आत एक छोटा पंखा बसवलेला असायचा. तो निम्म्या वेळा बंद. राउल आतून गायचा, नाचायचा, जीवनसत्त्वांची माहिती द्यायचा, आणि त्याचा चेहरा पंधरा वर्षांत एकदाही पडद्यावर दिसला नाही.

पत्रं मात्र पोत्यानं यायची. ‘प्रिय टोमॅटो’ अशी. त्याची स्वतःची मुलगी मारिसोल चार-पाच वर्षांची असताना टोमॅटोला पत्रं लिहायची आणि पोस्टात टाकायला वडिलांकडेच द्यायची. हे सांगताना तो खूप हसायचा. मग म्हणायचा, “पत्रं टोमॅटोला यायची, प्रोफेसर. मला नाही.”

प्रोफेसर म्हणजे मी. मी प्रोफेसर नव्हे. एम.ए. झालो आहे आणि डब्याबरोबर पुस्तक नेतो, एवढ्यावर ऑफिसनं मला ती पदवी दिली होती.

तर असा हा माणूस पन्नाशीच्या जवळपास दुबईला आला. का? कारण इथल्या एका वाहिनीनं, मी नोकरीला होतो तिनंच, त्याला माणसाचं काम दिलं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका गोदामात आमचा स्टुडिओ होता. शेजारी अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचा कारखाना. तिथलं कापायचं मशीन सुरू झालं की आमचं शूटिंग थांबायचं. सेट होता बकालाचा — बकाला म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. राउल दुकानदार काका, आणि गिऱ्हाईक एक बाहुला-उंट, नाव ‘यल्ला’. यल्ला म्हणजे ‘चला, आटपा’. हा उंट जागचा कधी हलायचा नाही, हा त्यातला विनोद. एका मोसमात तो विनोद आम्ही निदान चाळीसदा केला.

राउलला भरघोस मिशी होती. टोमॅटोच्या आत पंधरा वर्षं ती वाया गेली होती. पहिल्या दिवशी मेकअपवालीनं विचारलं, काढायची का? तो म्हणाला, “बाई, हिला आत्ता कुठे काम मिळालंय.”

इथे तो सगळ्यांना आपलाच वाटायचा. पेशावरचे टॅक्सीवाले त्याच्याशी उर्दूत बोलायचे, इजिप्तचे लोक अरबीत. माझी बायको त्याला पहिल्यांदा पाहून हळूच म्हणाली, “अहो, हे तर सांगलीकडचे वाटतात.” त्याला जेवायला बोलावलं तेव्हा पाहुण्याला मेक्सिकन म्हणून मान द्यायचा, असं ठरवून तिनं मुद्दाम झणझणीत ठेचा केला. राउलनं वाटीभर ठेचा शांतपणे संपवला आणि अतिशय अदबीनं विचारलं, “तुमच्याकडे तिखट खात नाहीत का?” बायको दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

मला तो आवडायचा. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, याचा त्याच्यावर काही डूख असणार. नव्हता. तसा असता तर निदान काही कारण तरी सांगता आलं असतं.

पत्रांची कल्पना राउलचीच. आमचे निर्माते नबीलसाहेब, लेबनॉनचे. ते म्हणत होते, ईमेल ठेवू, सोपं पडेल. राउल अडून बसला. म्हणाला, “मूल ईमेल करत नाही. मुलाची आई ईमेल करते. मूल चित्र काढतं.” मग दर भागाच्या शेवटी तो काउंटरवर हात टेकून सांगायला लागला — मला चित्र पाठवा, पत्र लिहा, माझ्या नावानं, उंटाच्या नाही. आणि खाली पोस्टाच्या पेटीचा नंबर यायचा.

इथलं पोस्ट तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. अमिरातीत पोस्टमन दारावर येत नाही. ज्यानं त्यानं पोस्टात पेटी घ्यायची, आणि किल्ली घेऊन आपली पत्रं आपण आणायची. वाहिनीची जुनी पेटी शारजाच्या पोस्टात होती, आणि शारजात राहणारा ऑफिसात मी एकटा. नबीलसाहेब म्हणाले, “हबीबी, तू तिकडेच राहतोस. गुरुवारी एक वाजता निघ, पत्रं घे, घरी जा. खलास.”

तेव्हा इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी असायची. म्हणजे गुरुवारी दुपारी एकला सुटका! सगळं ऑफिस माझ्याकडे हेव्यानं बघायचं.

पहिल्या गुरुवारी मी पोस्टात गेलो. पेटीत विजेचं बिल आणि एका पिझ्झावाल्याचं पत्रक. दुसऱ्या गुरुवारी नुसतंच पत्रक. रविवारी ऑफिसात राउल दारातच उभा असायचा. मी मान हलवायचो. तो म्हणायचा, “वेळ लागतो. मुलांना आधी पाकीट शोधावं लागतं.”

तिसऱ्या गुरुवारी — थांबा. इथे मी कालपासून अडलो आहे.

तिसऱ्या गुरुवारी माझ्याकडे एक जाडजूड कादंबरी होती आणि तिची साठ पानं उरली होती. पोस्टाच्या भागात पार्किंग मिळत नाही. बाहेर बेचाळीस डिग्री. वाटेत एक मॉल लागतो, त्याच्या तळघरात गार, अंधारी, ऐसपैस जागा. मी मनाशी म्हटलं, दहा मिनिटं. गाडी लावली, एसी चालू ठेवला, वाचत बसलो. डोकं वर काढलं तेव्हा पोस्ट बंद झालं होतं आणि नायिका वारली होती.

रविवारी राउलनं विचारलं. मी मान हलवली.

बस्, एवढंच. एक मान हलवली. आजवर किती लोकांनी किती वेळा हलवली असेल? पण चौथ्या गुरुवारी मी मॉलमध्ये गेलो तो चुकून नव्हे. मंडळाच्या ग्रंथालयातून — एका सभासदाच्या हॉलमधली दोन कपाटं, त्याला आम्ही ग्रंथालय म्हणतो — मुद्दाम पुस्तक आणून ठेवलं होतं. बायकोला सांगायचो, पोस्टात गर्दी. राउलला सांगायचो, पोस्टात काही नाही. आठवड्यात तीन तास कुणाचेही नव्हते, ते माझे झाले. इतकी मजा मला या देशात दुसऱ्या कशात आलेली नाही. हे लिहायला नको, पण खोटं पुरे झालं.

नवव्या गुरुवारी मात्र मी गाडी मॉलकडे न वळवता पोस्टात गेलो. पेटी उघडली. उघडली म्हणजे — दार आपोआप बाहेर आलं. आत लिफाफे विटांसारखे ठासून बसले होते. गुलाबी, पिवळे, वहीच्या कागदाचे घरी चिकटवलेले. एकावर मिशी काढलेली. काउंटरवरचा मल्याळी कारकून मला बघून उठलाच.

“साब, आपका डब्बा फुल है.”

“हां, देख रहा हूं.”

“पीछे बोरी भी है. दो. कब ले जाएगा?”

“इन्शाल्ला, अगले हफ्ते,” मी म्हणालो.

तो अनुभवी माणूस. आमच्यासारख्याच्या तोंडी ‘इन्शाल्ला’ आलं की काम होत नाही, हे त्याला ठाऊक असावं. तो खाली बसला.

का नाही नेली मी ती पत्रं? तुम्ही हेच विचाराल. मी तिथे उभा राहून विचार केला, तो असा: प्रत्येक लिफाफ्यावर शिक्का आहे, शिक्क्यावर तारीख आहे, आणि राउल आधी शिक्का बघणार. आता दोन महिन्यांच्या तारखा एकदम कुठून आल्या म्हणून सांगू? ‘पोस्टाची चूक’ म्हणता आलं असतं. ‘माझी चूक’ म्हणता आलं असतं, ते तर फारच छोटं वाक्य. मी पेटीचं दार खांद्यानं दाबून बंद केलं. त्याला बराच जोर लागला.

पुढे दोन महिन्यांनी बैठक झाली. कार्यक्रमाचे प्रायोजक ताकाचे कारखानदार होते. इथे ताकाला लबान म्हणतात. त्यांचा एक तरुण मॅनेजर आला होता, बाटलीतल्या ताकासारखाच पांढराशुभ्र. दुसऱ्या मोसमात खर्च कमी करायचा होता. दुकानदार ठेवायचा की उंट, एवढाच प्रश्न. राउल माझ्या शेजारी बसला होता. उंट समोरच्या खुर्चीवर ठेवला होता, कोणी ठेवला कोण जाणे.

“लेटर्स?” नबीलसाहेबांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

“झीरो,” मी म्हणालो.

“झीरो मीन्स? टेन? फाइव्ह?”

“झीरो मीन्स झीरो, सर.”

लबानवाला खूश झाला. “आय टोल्ड यू. किड्स लव्ह द कॅमल.”

सगळ्यांनी उंटाकडे पाहिलं. तो काही बोलला नाही. तेवढी सभ्यता त्याच्यात होती आणि माझ्यात नव्हती असं नाही — मीही बोललो नाही. बोलला तो राउल. म्हणाला, “मुलांना दोष देऊ नका. आजकाल कुणी लिहीत नाही.” माझ्या डाव्या हाताच्या खिशात पेटीची किल्ली होती. पोस्ट तासाभरावर. मी उठलो असतो, पोती आणून टेबलावर ओतली असती, तर फार तर माझी नोकरी गेली असती. माझी गेली असती किंवा त्याची. मी बसून राहिलो.

उंट राहिला. उंटाला व्हिसा लागत नाही. राउलचा व्हिसा रद्द झाला, आणि इथे तसं झालं की महिनाभरात गाशा गुंडाळावा लागतो. विमानतळावर सोडायला मी गेलो. ही माझी पहिली संधी. त्यानं मला मिठी मारली आणि म्हणाला, “दर गुरुवारी त्या ट्रॅफिकमध्ये तू माझ्यासाठी जायचास. मी विसरणार नाही.”

मी म्हणालो, “गेट नंबर बघून घे.”

पेटीचं पुढे काय झालं? वाहिनीनं ती सोडून दिली, दुसऱ्या कुणाला गेली असेल. पोत्यांचं काय झालं, मी विचारलं नाही.

वर्षभरानं त्याची ईमेल आली. जुन्या कार्यक्रमात परत घेतलं होतं. ‘बढती मिळाली,’ त्यानं लिहिलं होतं, ‘आता मी आजोबा टोमॅटो. काठी आहे, चष्मा आहे. पंखा तोच आहे.’ ही दुसरी संधी. मी उत्तरात अभिनंदन केलं. चार वर्षांपूर्वी त्याचा फोन आला, निवृत्त झाल्यावर. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि मग तो म्हणाला, “प्रोफेसर, तू वाचणारा माणूस आहेस, तुला कळतं. खरं सांग. मी वाईट होतो का? एकाही मुलाला लिहावंसं वाटलं नाही?”

तेव्हा मी हवेवर बोललो.

तो गेल्यावर मारिसोलनं ऑनलाइन शोकसभा ठेवली. तिकडे सकाळ, इथे संध्याकाळ. मी शर्ट इस्त्री करून लॅपटॉपसमोर बसलो. आलेल्या लोकांनी लहानपणी टोमॅटोला लिहिलेली पत्रं आणली होती. आता मोठे झालेले लोक ती कॅमेऱ्यासमोर धरून वाचत होते. एकानं टोमॅटोला कांद्याशी लग्न करायचा सल्ला दिला होता. सगळे हसत होते, रडत होते. मग मला बोलायला सांगितलं. मी चार मिनिटं बोललो, चांगलं बोललो. बायको मागून ऐकत होती, तिनं डोळे पुसले. मारिसोलनं विचारलं, दुबईहून पप्पांना कधीच पत्र आलं नाही का? ते नेहमी म्हणायचे, तिथल्या मुलांनी एकही पाठवलं नाही.

“इकडची मुलं लाजाळू असतात,” मी म्हणालो.

आता कळलं? बारा वर्षांपूर्वी मी माझा आळस लपवला होता. त्या संध्याकाळी मी तो पोरांच्या माथी मारला.

ही वही इथवर आल्यावर, परवा, मी मारिसोलला फोन केला. बायको भाजी आणायला गेली होती. तुम्हाला सांगितलं त्याच क्रमानं सगळं सांगितलं, मॉलपासून. मधे तिनं अडवलं नाही. संपल्यावर मग तिनं विचारलं, “त्यातलं एखादं तुम्ही वाचलंत?”

हे मी वर लिहिलं नाही. पेटी उघडली तेव्हा एक लिफाफा खाली पडला होता. तो परत आत जाईना म्हणून मी खिशात घातला, आणि गाडीत वाचला. झैनब, वय सात, अजमान. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. मी मारिसोलला आठवेल तसं सांगितलं: ‘राउल अंकल, तुमची मिशी माझ्या अब्बांसारखी आहे. अब्बा ट्रेलर चालवतात, ते फक्त शुक्रवारी येतात. बाकीच्या दिवशी मी तुम्हाला बघते. मला उंट आवडत नाही. तो फार बोलतो. त्याला घरी पाठवा.’ खाली चित्र — मिशी, मिशीला दोन पाय.

म्हणजे बैठकीत ‘झीरो’ म्हणताना हे पत्र माझं वाचून झालं होतं.

मारिसोल हसली. मग हसणं मधेच कुठेतरी थांबलं. “मिशी,” ती म्हणाली. ती पप्पांची सगळी पत्रं एका पेटाऱ्यात लावते आहे, सगळी टोमॅटोची. तिनं विचारलं, “ते आता कुठे आहे?”

मी सांगितलं. त्या दिवशी हाताशी खूण नव्हती, म्हणून ते मी वाचत होतो त्या पुस्तकात घातलं. पुस्तक संपल्यावर ग्रंथालयाला परत केलं, पत्र आतच राहिलं.

“कुठलं पुस्तक?” तिनं विचारलं. “नाव सांगा, मी शोधायला सांगते कुणाला तरी.”

मी आठवायला लागलो. फोन कानाला लावून टेबलापाशी उभा राहिलो आणि एकेक गुरुवार आठवायला लागलो — तळघर, एसी, मांडीवरचं पान. ती वाट बघत होती. त्या सगळ्या गुरुवारांत वाचलेल्या पुस्तकांपैकी एकाचंही नाव मला आठवलं नाही. तसं मी तिला सांगितलं.